शंकूची छाया आणि तिच्या ग्रंथकारांचा शोध

नवकारशी, पोरसी, साढपोरसी, पुरिमड्ढ आणि अवड्ढ हे शब्द आपल्या घराघरांत परिचित आहेत. कोणत्या दिवशी कोणते पच्चक्खाण किती वाजता पारायचे, याचे छापील वेळापत्रक उपाश्रयात व स्थानकात लावलेले असते आणि श्रावक-श्राविका त्यावर दृष्टी टाकून घड्याळाकडे पाहतात. परंतु ज्या काळी घड्याळ नव्हते, त्या काळीही ही पच्चक्खाणे विधिपूर्वक घेतली व पाळली जात होती. तेव्हा वेळ सांगत असे ती छाया. ही छाया मोजण्याचे शास्त्र ज्यांनी लिहून ठेवले, ते ग्रंथकार कोण होते, कोठे राहत होते, आणि त्यांच्याविषयी आज आपणांस जे ठाऊक आहे ते कोणाच्या परिश्रमाने ठाऊक झाले, याचा मागोवा घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

विषय काहीसा दूरचा वाटेल. परंतु या शोधाचे काही महत्त्वाचे दुवे आपल्या महाराष्ट्रात, पुण्यात आणि प्रत्यक्ष आपल्या मावळच्या डोंगरांतही सापडतात. शिवाय सुवर्ण महोत्सवाच्या निमित्ताने स्मरणिका प्रकाशित करणाऱ्या संस्थेने या शोधातून घ्यावा असा एक बोधही त्यात आहे.

शब्दात दडलेले यंत्र

‘पोरसी’ हा प्राकृत शब्द संस्कृत ‘पौरुषी’ या शब्दाशी संबंधित आहे. पुरुष म्हणजे मनुष्य. त्याच्या छायेवरून जो काळ मोजायचा तो पौरुषी. म्हणजेच उन्हात उभा असलेला मनुष्य हेच पहिले छायायंत्र होय. पुढे मनुष्याच्या जागी बारा अंगुळे उंचीचा शंकू आला. सपाट केलेल्या भूमीवर एक वर्तुळ काढावे, त्याच्या मध्यावर शंकू रोवावा आणि त्याची छाया पाहावी, हा विधी भारतातील ज्योतिषग्रंथांत व वास्तुग्रंथांत सर्वत्र आढळतो. सकाळी छायेचे टोक वर्तुळाला जेथे स्पर्श करते तो एक बिंदू आणि दुपारनंतर जेथे पुन्हा स्पर्श करते तो दुसरा. या दोन बिंदूंना जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम असते. मंदिराचा पाया ज्या दिशेने आखायचा ती दिशा या साध्या काठीने निश्चित होत असे.

दिवसाचे चार समान भाग केले म्हणजे प्रत्येक भागास पोरसी म्हणतात. सूर्योदयापासून पहिला भाग पूर्ण झाला की पोरसी, दीड भागाने साढपोरसी, दोन भागांनी पुरिमड्ढ आणि तीन भागांनी अवड्ढ येते. नवकारशी मात्र सूर्योदयानंतर दोन घटिकांची, म्हणजे ४८ मिनिटांची. उन्हाळ्यात दिवस मोठा असल्याने पोरसी लांबते व हिवाळ्यात आखडते. आपल्या लोणावळ्यात दिवसाचा चौथा भाग जूनच्या अखेरीस सुमारे ३ तास २० मिनिटांचा असतो, तर डिसेंबरच्या अखेरीस सुमारे २ तास ४५ मिनिटांचा. घड्याळाच्या ठरावीक तासांनी हा काळ बांधता येत नाही. तो सूर्यानेच बांधावा लागतो.

आगमातील छायेचा नियम

उत्तराध्ययन सूत्राच्या सव्विसाव्या अध्ययनात साधूंची समाचारी सांगितली आहे. दिवसाच्या पहिल्या पोरसीत स्वाध्याय, दुसरीत ध्यान, तिसरीत भिक्षाचर्या आणि चौथीत पुन्हा स्वाध्याय, असा तो क्रम आहे. हा क्रम पाळायचा तर पोरसी कधी पूर्ण झाली हे कळले पाहिजे. म्हणून तेथेच छायेचे माप दिले आहे. आषाढात छाया दोन पाद, पौषात चार पाद, चैत्र व आश्विनात तीन पाद. सात अहोरात्रांत एक अंगुळ, पक्षात दोन अंगुळे आणि महिन्यात चार अंगुळे या प्रमाणात ती वाढते वा घटते. एक पाद म्हणजे बारा अंगुळे. आषाढातील २४ अंगुळांपासून पौषातील ४८ अंगुळांपर्यंत सहा महिन्यांत २४ अंगुळांची वाढ, म्हणजे दरमहा चार. लहान मुलालाही तोंडपाठ करता यावा इतका हा नियम सुटसुटीत आहे. रात्रीच्या प्रहरांसाठी नक्षत्रांचा आधार त्याच अध्ययनात सांगितला आहे.

जैन कालगणनेत युगाचा आरंभ श्रावण वद्य प्रतिपदेस मानला आहे आणि दक्षिणायनही तेथूनच सुरू होते. म्हणजे आषाढी पौर्णिमा हा सर्वांत मोठ्या दिवसाचा शेवट आणि सर्वांत आखूड छायेचा काळ. टीकापरंपरेत ही छाया गुडघ्यापर्यंतच्या उंचीची, म्हणजे २४ अंगुळांची मानतात. म्हणजे आषाढात पोरसीच्या वेळी वस्तूची छाया वस्तूएवढीच पडते.

या सूत्राच्या कोणत्याही गाथेत छाया मोजणाऱ्याचे नाव नाही. परंपरेने हा भगवान महावीरांचा अंतिम उपदेश मानला जातो आणि पूर्वाचार्यांनी तो कंठस्थ ठेवून आपणांपर्यंत पोचविला. तथापि ज्याने उन्हात उभे राहून ही मापे घेतली त्याची एक खूण मापांतच शिल्लक राहिली आहे. त्रिकोणमितीने गणित केले असता, सर्वांत लहान दिवशी पोरसीच्या वेळी २४ अंगुळांच्या वस्तूची छाया लोणावळ्यात सुमारे ३८ अंगुळे पडते. पाटलीपुत्राच्या, म्हणजे आजच्या पाटण्याच्या अक्षांशावर ती सुमारे ४५ अंगुळे पडते. सूत्रातील माप ४८ आहे. सर्वांत मोठ्या दिवशी दोन्ही ठिकाणची छाया सुमारे २५ अंगुळे, म्हणजे सूत्रातील २४ च्या अगदी निकट. मधल्या महिन्यांत समान वाढीचा हा नियम प्रत्यक्ष छायेपासून बराच दूर जातो, कारण तो स्मरणसुलभ व स्थूल आहे. परंतु वर्षाच्या दोन टोकांची मापे उत्तरेकडील आकाशाशी अधिक जुळतात, दक्षिणेकडील नव्हे. ज्याचे नाव काळाने पुसले त्याचा प्रदेश छायेने सांभाळून ठेवला, असे म्हणण्यास हरकत नाही.

दगडात कोरलेली नावे

ग्रंथकाराच्या जीवनाचा दुसरा साक्षी म्हणजे शिलालेख. या बाबतीत आपले मावळ भाग्यवान आहे. कार्ले, भाजे व बेडसे येथील बौद्ध लेणी जगप्रसिद्ध आहेत. त्याच मावळातील पाले गावाजवळच्या डोंगरात एक लहानसे लेणे आहे. त्यातील ब्राह्मी शिलालेखाचे वाचन डॉ. ह. धी. सांकळिया व डॉ. शोभना गोखले यांनी प्रसिद्ध केले. लेखाचा आरंभ अरहंतांच्या नमनाने होतो आणि भदंत इंद्ररक्षित यांनी हे लेणे व पाण्याची पोढी करविली, असे तो सांगतो. खारवेलाच्या हाथीगुंफा लेखाच्या आरंभीही असेच नमन आहे. म्हणून या विद्वानांनी पाले येथील लेख जैन मानला आणि त्याचा काळ इसवी सनापूर्वीचा ठरविला. २०१९ मध्ये लोहगडावरील एका लेण्यातही याच प्रकारचा, अरहंतांच्या नमनाने आरंभ होणारा आणि इंद्ररक्षिताचे नाव असलेला लेख उजेडात आला. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या परिसरात वावरलेल्या एका मुनींचे नाव आज आपण उच्चारू शकतो, ते केवळ कोणी तरी चार ओळी कोरून ठेवल्या म्हणून.

छायायंत्रांच्या एका थोर ग्रंथकाराचे चरित्रही दगडानेच उजळले आहे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये रचलेल्या ‘सिद्धांतशिरोमणी’च्या गोलाध्यायात यंत्रांचे स्वतंत्र प्रकरण आहे. शंकू, नाडीवलय, चक्र, चाप, तुर्य, फलक इत्यादी यंत्रे त्यात वर्णिली आहेत. नाडीवलय म्हणजे विषुववृत्ताच्या पातळीत तिरपे बसविलेले चक्र. त्याच्या मधोमध असलेल्या शलाकेची छाया चक्रावरील घटिका दाखविते. यंत्रांचे वर्णन केल्यावर बुद्धी हेच सर्वश्रेष्ठ यंत्र होय, असाही अभिप्राय आचार्यांनी दिला आहे.

भास्कराचार्यांनी आपला जन्मशक, गोत्र, पित्याचे नाव आणि सह्याद्रीच्या आश्रयाने असलेले गाव यांचा स्वतःच निर्देश केला. परंतु त्यांच्या घराण्याची सविस्तर हकीकत मिळाली ती चाळीसगावजवळच्या पाटणे येथील १२०७ च्या शिलालेखातून. हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी शोधून १८६५ मध्ये विद्वानांपुढे मांडला. त्रिविक्रमापासून भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांच्यापर्यंतची वंशावळ त्यात आहे. यादव राजा सिंघण याच्या पदरी ज्योतिषी असलेल्या चांगदेवांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापिला, त्याचा हा लेख होय. आपल्या समाजाने विशेष लक्षात घ्यावे असे की, मठाच्या चरितार्थासाठी बाजारात होणाऱ्या खरेदी-विक्रीवरील व तेलाच्या घाण्यांवरील ठरावीक वाटा या लेखात लोकभाषेत नोंदविला आहे. व्यापाऱ्यांच्या दानाची नोंद ठेवण्यासाठी दगड कोरला गेला आणि त्या दगडाने एका महान गणितज्ञाचे घराणे इतिहासाला दिले.

यंत्रराज आणि श्री महेंद्रसूरी

तिसरा साक्षी म्हणजे पोथी. येथे ज्यांचे स्मरण प्रत्येक जैनाने अभिमानाने करावे असे आचार्य भेटतात. ते म्हणजे श्री महेंद्रसूरी. शके १२९२ मध्ये, म्हणजे इसवी सन १३७० मध्ये त्यांनी ‘यंत्रराज’ हा संस्कृत ग्रंथ रचला. फारसी-अरबी परंपरेत ज्यास उस्तुरलाब व इंग्रजीत अ‍ॅस्ट्रोलेब म्हणतात, त्या यंत्रावरील हा पहिला संस्कृत ग्रंथ होय.

हे यंत्र म्हणजे पितळेची गोल तबकडी. ती कडीला धरून लोंबती ठेवायची आणि पाठीवरील फिरत्या पट्टीच्या छिद्रांतून सूर्यकिरण आरपार जाईल अशी पट्टी फिरवायची. त्यावरून सूर्याची क्षितिजापासूनची उंची कळते. मग पुढील बाजूची जाळीदार चकती फिरवून वेळ, लग्न व ताऱ्यांची स्थिती वाचता येते. दिवसा सूर्यावर व रात्री ताऱ्यांवर हे यंत्र चालते. शंकूच्या छायेचे मापही त्याच्या पाठीवर आखलेले असते. छायायंत्र, नक्षत्रयंत्र आणि गणकयंत्र अशी तीनही कामे एकटे करते म्हणून ते यंत्रांचा राजा. यवनांच्या भाषेतील या विषयाचे ग्रंथ समुद्रासारखे अफाट असून आपण त्यांचे मंथन करून सार काढले आहे, अशा आशयाचे निवेदन महेंद्रसूरींनी केले आहे. पाच अध्यायांच्या या ग्रंथात गणित, यंत्राची घडण व उपयोग आणि ३२ ताऱ्यांची स्थाने दिली आहेत. परक्या परंपरेतील विद्या मोकळ्या मनाने स्वीकारून ती आपल्या विद्यार्थ्यांच्या भाषेत आणून देणारा हा जैन मुनी अनेकांतदृष्टीचे जिवंत उदाहरण होय.

आता प्रश्न येतो त्यांच्या चरित्राचा. ब्राह्मण ग्रंथकार ग्रंथाच्या शेवटी पिता, गोत्र व गाव सांगतो. कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांचेच पाहा. १५२० मध्ये ‘ग्रहलाघव’ लिहिणाऱ्या या पंडितांनी ‘प्रतोदयंत्र’ नावाचे, चाबकाच्या दांड्यासारखे एक छायायंत्रही वर्णिले आहे. दांड्यात ऋतूप्रमाणे योग्य जागी आडवी काडी खोवावी आणि तिची छाया दांड्यावरील आकड्यांवर किती खाली उतरते ते पाहावे, की वेळ कळे. प्रवासात जवळ बाळगता येईल असे हे सुटसुटीत साधन. गणेश दैवज्ञांचे पिता केशव हे स्वतः नामांकित ज्योतिषी असल्याने पिता-पुत्र दोघांचेही वृत्त ग्रंथांतून जुळविता येते.

जैन मुनींची रीत निराळी. दीक्षा घेताना त्यांनी घर, कुल आणि पूर्वाश्रमीचे नावही सोडलेले असते. म्हणून ग्रंथाच्या शेवटी ते पित्याचे नव्हे, तर गुरूचे नाव सांगतात. महेंद्रसूरींनी आपले गुरू मदनसूरी यांचा, त्यांच्या भृगुपुराचा म्हणजे भडोचचा आणि त्यांना लाभलेल्या राजसन्मानाचा गौरवाने उल्लेख केला. स्वतःचे जन्मगाव सांगितले नाही. महेंद्रसूरी हे दिल्लीच्या फिरोजशहा तुघलकाच्या दरबारी प्रमुख पंडित होते, ही माहिती त्यांचे शिष्य मलयेंदुसूरी यांच्या टीकेमुळे टिकली. याच टीकेत अनेक नगरांच्या अक्षांशांची यादीही आहे, कारण अक्षांश बदलला की यंत्राची तबकडी बदलावी लागते. गुरूचे चरित्र शिष्याने राखावे, ही आपल्या परंपरेची व्यवस्था. शिष्याची लेखणी थांबली की गुरूचे चरित्रही थांबते, हा त्या व्यवस्थेतील धोका.

गृहस्थ ग्रंथकाराची गोष्ट यापेक्षा वेगळी असते. ठक्कर फेरू हे श्रीमाळ ज्ञातीचे श्रावक अल्लाउद्दीन खिलजीच्या काळी दिल्लीच्या टांकसाळीत अधिकारी होते. १३१५ मध्ये लिहिलेल्या ‘वास्तुसार’ या प्राकृत ग्रंथात त्यांनी मंदिरासाठी शंकूच्या छायेने दिशा साधण्याची रीत दिली आहे. श्रावक असल्याने त्यांनी आपले गाव व वडिलांचे नाव नोंदविले. तरीही त्यांचे अनेक ग्रंथ शतकानुशतके अज्ञातच होते. १९४६ मध्ये अगरचंद नाहटा व भंवरलाल नाहटा यांना कोलकात्याच्या एका जैन ग्रंथसंग्रहात त्यांच्या ग्रंथांची जुनी हस्तलिखित पोथी मिळाली आणि नाणी, रत्ने व गणित यांवरील त्यांचे लेखन प्रकाशात आले. काका-पुतण्याचे हे नाहटा घराणे व्यापारी होते, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे.

मराठी पंडितांचे ऋण

महेंद्रसूरींची परंपरा महाराष्ट्रात अखंड राहिली ती जैनेतर विद्वानांच्या आस्थेमुळेही. पेशवाईनंतरच्या काळातील प्रसिद्ध मराठी ज्योतिषी यज्ञेश्वर रोडे, ज्यांना बाबा जोशी म्हणत, यांनी शके १७६४ मध्ये, म्हणजे १८४२ मध्ये ‘यंत्रराज’ ग्रंथावर ‘यंत्रराजवासना’ नावाची टीका लिहिली. एका जैन आचार्यांच्या ग्रंथाची उपपत्ती पावणेपाचशे वर्षांनंतर एका मराठी ब्राह्मण पंडिताने उलगडून दाखवावी, यातच विद्येचे मोठेपण आहे.

त्यानंतरचे आदराने घ्यावयाचे नाव म्हणजे शंकर बाळकृष्ण दीक्षित. रत्नागिरी जिल्ह्यातील मुरूड येथे १८५३ मध्ये जन्मलेले दीक्षित पेशाने शिक्षक होते आणि अखेरच्या काळात पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात अध्यापन करीत होते. १८९६ मध्ये त्यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास’ पुण्यात प्रकाशित झाला. अवघ्या दोन वर्षांनी, १८९८ मध्ये, त्यांचे निधन झाले. या ग्रंथात त्यांनी शेकडो ज्योतिषग्रंथकारांचा काळ, स्थळ, कुल व ग्रंथ यांची छाननी केली. ग्रंथकार स्वतःविषयी मौन पाळत असेल तर त्याच्या गणितातील आरंभशक पाहावा, त्याने उदाहरणासाठी घेतलेल्या गावाची पलभा पाहावी, कोणी कोणाचे वचन उद्धृत केले ते पाहावे, अशी त्यांची पद्धत. यंत्रांच्या प्रकरणात त्यांनी महेंद्रसूरी, मलयेंदुसूरी आणि गणेश दैवज्ञ यांची दखल घेतली. परिणामी मराठी वाचकाला मातृभाषेतच या जैन आचार्यांची ओळख झाली. दीक्षितांच्या या ग्रंथाचे पुढे हिंदीत व इंग्रजीत भाषांतर झाले, यावरून त्याची योग्यता ध्यानात यावी.

जैन ग्रंथांच्या शोधासाठी पुण्याचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. मुंबई सरकारने एकोणिसाव्या शतकात ब्यूलर, कीलहॉर्न, पीटरसन व रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्याकरवी पश्चिम भारतातून हस्तलिखिते जमविली. त्यांत जैन पोथ्यांचा मोठा भरणा आहे. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात हा संग्रह जतन केला आहे. तेथील जैन हस्तलिखितांची वर्णनात्मक सूची हिरालाल रसिकदास कापडिया यांनी तयार केली, तर प्रा. हरि दामोदर वेलणकर यांचा ‘जिनरत्नकोश’ हा जैन ग्रंथ व ग्रंथकार यांचा सूचिग्रंथ याच संस्थेने १९४४ मध्ये प्रसिद्ध केला. एखाद्या पोथीत केवळ ग्रंथाचे नाव आढळले तरी तिचा कर्ता, टीका आणि अन्य प्रती कोठे आहेत हे शोधण्याची वाट ‘जिनरत्नकोशा’ने मोकळी केली. लोणावळ्याहून लोकलने पुणे गाठणाऱ्या आपल्या तरुण मंडळींना ज्ञानाचा एवढा ठेवा इतक्या जवळ आहे, याची जाणीव असावी.

लोणावळ्याची छाया

आता थोडे आपल्या गावाकडे वळू. विषुवदिनी, म्हणजे साधारणतः २१ मार्च व २३ सप्टेंबर रोजी, मध्यान्ही बारा अंगुळांच्या शंकूची जी छाया पडते तिला त्या स्थळाची पलभा म्हणतात. लोणावळ्याचा अक्षांश सुमारे पावणेएकोणीस अंश उत्तर असल्याने येथील पलभा चार अंगुळांहून किंचित अधिक येते. जुन्या ज्योतिष्याला एखाद्या गावाची एवढी एक संख्या पुरेशी असे. तीवरून तो तेथील दिनमान काढी. मे महिन्याच्या मध्याला सूर्य मध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो आणि शंकूची छाया लोप पावते. जुलैच्या अखेरीसही हा योग येतो, पण तेव्हा आपल्याकडे आकाश दिसेल तर शपथ! छायायंत्राची ही मर्यादा घाटमाथ्यावरच्या माणसाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. अशा वेळी घटिकापात्र उपयोगी पडे. तळाला बारीक छिद्र असलेले हे पात्र पाण्यावर तरंगत ठेवीत, आणि ते भरून बुडाले की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे झाली असे समजत.

१८५८ मध्ये खंडाळा ते पुणे रेल्वे सुरू झाली आणि १८६३ मध्ये बोरघाटाचा चढ पूर्ण होऊन लोहमार्ग मुंबईशी जोडला गेला. रेल्वेबरोबर घड्याळाची वेळ आली. १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. ती साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची. लोणावळा त्याच्या पश्चिमेस असल्याने येथील मध्यान्ह सरासरीने सुमारे १२ वाजून ३६ मिनिटांनी होते. सूर्याच्या दृश्य गतीतील फरकामुळे ती नोव्हेंबरच्या आरंभी १२ वाजून २० मिनिटांच्या, तर फेब्रुवारीच्या मध्यात १२ वाजून ५० मिनिटांच्या सुमारास येते. अर्थात लोणावळ्यात पुरिमड्ढ कधीही घड्याळाच्या बाराच्या ठोक्याला येत नाही. वेळापत्रकातील आकडे रोज का सरकतात, असे मुले विचारतात. त्याचे उत्तर अंगणातील एका काठीने देता येते. पाठशाळेच्या विद्यार्थ्यांकडून वर्षभर दर पंधरवड्यास मध्यान्हीची छाया मोजवून घेतली, तर त्यांना आगमातील नियमही कळेल आणि तो लिहून ठेवणाऱ्यांचे श्रमही कळतील.

नोंद हेच खरे स्मारक

या सर्व विवेचनातून एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. पाल्याचे इंद्ररक्षित, पाटण्याचे चांगदेव, भृगुपुराचे मदनसूरी आणि त्यांचे शिष्य महेंद्रसूरी यांची नावे आज उरली, ती त्यांच्या थोरवीमुळे जितकी, तितकीच कोणी तरी नाव, स्थळ व शक लिहून ठेवल्यामुळे. ज्यांची नोंद झाली नाही असे कितीतरी तोलामोलाचे साधू, श्रावक व लेखनिक काळाच्या उदरात गडप झाले. पोथीची नक्कल करणारा लेखनिक शेवटच्या पानावर आपले नाव, गाव, तिथी आणि पोथी कोणासाठी लिहिली हे चार ओळींत देई. त्यास पुष्पिका म्हणतात. संशोधक पोथी हाती घेताच प्रथम शेवटचे पान उलटतो, ते याचसाठी.

आपल्या मावळात राजस्थान, गुजरात व कच्छ येथून आलेली जैन कुटुंबे लोणावळा, कामशेत, वडगाव व तळेगाव परिसरात स्थिरावली. येताना त्यांनी चोपड्या, पट्ट, हस्तलिखित सज्झाय-संग्रह व जुनी पंचांगे आणली असतील. घराचे नूतनीकरण होते, माळा रिकामा होतो आणि जुनी कागदपत्रे रद्दीत जातात. त्यांतील एखाद्या पानावर एखाद्या मुनिराजांच्या चातुर्मासाची किंवा एखाद्या लेखनिकाची एकमेव नोंद असू शकते. असे कागद टाकण्यापूर्वी जाणकारास दाखवावेत, निदान त्यांचे छायाचित्र घेऊन ठेवावे, अशी सर्व कुटुंबांना आग्रहाची विनंती आहे. ज्ञानपंचमीला आपण ज्ञानाची पूजा करतो. त्या दिवशी घरातील एक जुने पान उलगडून वाचणे हीदेखील ज्ञानाची आराधनाच होय.

प्रस्तुत स्मरणिका ही एका अर्थाने संस्थेच्या पन्नास वर्षांची पुष्पिका आहे. जाहिराती व शुभेच्छा काळाच्या ओघात जुन्या होतील. परंतु संस्थापकांची पूर्ण नावे, त्यांची मूळ गावे, कोणत्या साली कोणते कार्य झाले, कोणाच्या निश्रेत झाले आणि कोणाच्या परिश्रमाने झाले, या नोंदींचे मोल दरवर्षी वाढतच जाईल. इंद्ररक्षितांनी खोदविलेल्या पोढीतील पाण्याने कोणाची तहान भागली, त्यांची गणती नाही. मात्र ती कोणी करविली हे दोन हजार वर्षांनंतरही वाचता येते. आपल्या संस्थेच्या कार्याविषयीही पुढील पिढ्यांना असेच निःशंकपणे वाचता यावे, हीच या सुवर्ण महोत्सवी वर्षी जिनेश्वर चरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र.